गाडी जुनी, मिस्त्री ओळखीचा

बारा-पंधरा वर्षं चाललेली चारचाकी लाख-सव्वा लाखात मिळते आहे, घ्यावी का? घरात हा विषय निघाला की आधी किलोमीटर विचारले जातात, मग मॉडेलचं साल, मग गाडी कितव्या हातातली आहे ते. रंग चकाकतो का, एसी गार करतो का, टायर कधी बदलले, याचीही चौकशी होते. हे सगळे प्रश्न गाडीबद्दलचे आहेत. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र दिसतं की त्यांचं मोल गाडीच्या बाहेरच ठरत आलं आहे. बंद पडली तर उघडून बसवणारा माणूस किती अंतरावर आहे, लागणारा सुटा भाग कोणत्या पेठेत मिळतो आणि कागदांवर कोणाचं नाव आहे, या तीन गोष्टींनी जुन्या गाडीची खरी किंमत ठरवली. त्यातही पहिली गोष्ट सर्वांत मोठी. शिवडीच्या अमेरिकन मोटारींपासून तळेगावच्या शेव्हरलेपर्यंतचा पुरावा याच बाजूचा आहे, आणि आज स्वस्तातली जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्याने तो डोळ्यांखालून घालावा, असं मला मनापासून वाटतं.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही आली. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून यायचे आणि इथे त्यांची गाडी व्हायची. स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. नुसती जोडणी पुरे झाली, गाडी इथेच बनली पाहिजे, असं सरकारने ठरवलं. १९५३ साली टॅरिफ कमिशनने त्याला दुजोरा दिला आणि इथे उत्पादन करण्याचा बेत नसलेल्या कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली, फोर्डही गेली. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात परदेशी सुटा भाग मागवणं म्हणजे परवाना, कोटा आणि वाट पाहणं. कंपनी गेलेली, भाग मिळत नाहीत, आणि गाडी तर चालवायची आहे, अशा पेचातून आपल्या गॅरेजांचं शिक्षण झालं. झिजलेला बुश लेथवर नवा करायचा, गॅस्केट कागदातून कापून काढायचं, एका गाडीचा भाग घासून-कापून दुसऱ्या गाडीला बसवायचा, ही विद्या कुठल्या महाविद्यालयात शिकवली जात नव्हती. ती गरजेतून आली आणि उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली. पोरक्या झालेल्या गाड्या त्या विद्येवर पुढे कित्येक वर्षं धावल्या.

उरलेल्या मैदानात तीनच नावं टिकली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला होता. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला १९५७ पासून अ‍ॅम्बॅसेडर काढली, आणि मद्रासच्या स्टँडर्डने हेरल्ड. १९५१ च्या औद्योगिक कायद्याने उत्पादन परवान्याला बांधलं होतं. १९५९ च्या एका सरकारी आदेशाने नव्या मोटारींचं वाटप आणि विक्रीही नियंत्रणाखाली आणली. १९६९ मध्ये सरकारने किमती बांधून दिल्या आणि त्याविरुद्ध प्रीमियर थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८० च्या आसपास साऱ्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनत होत्या. एवढ्या मोठ्या देशाला एवढ्या गाड्या! नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर दुसऱ्याच्या नंबरावरची गाडी ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन घ्यायची, एवढेच मार्ग होते. त्यामुळे आज विचित्र वाटेल अशी गोष्ट सर्रास घडे: दोन-चार वर्षं वापरलेली फियाट सरकारने ठरवलेल्या नव्या फियाटच्या किमतीपेक्षा जास्त पैशांना विकली जायची.

जुनी गाडी नव्यापेक्षा महाग, हे केवळ टंचाईमुळे झालं, असं अर्थशास्त्र जाणणारे म्हणतील. टंचाईचा वाटा मोठा होता, हे मान्यच आहे. पण टंचाईने नुसती मागणी वाढते. दहा-पंधरा वर्षं जुनी वस्तू पैसे मोजून घेण्याचा विश्वास त्यातून येत नाही. तो विश्वास आला एकसारखेपणातून. १९६४ मध्ये इथे आलेली फियाट ११०० डी, पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली, पण बॉनेट उघडलं की आत तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, तोच कार्ब्युरेटर, स्टिअरिंगलगतचा तोच हँडल गिअर. सुमारे साडेतीन दशकं हे यंत्र फारसं बदललं नाही. कारखानदारीच्या दृष्टीने ही लाजिरवाणी गोष्ट होती, यात शंका नाही. ग्राहकाला जुनंच यंत्र नव्या दराने विकलं जात होतं. तरी त्याचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता: शहरातला प्रत्येक मिस्त्री एकच इंजिन आयुष्यभर उघडत राहिला. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या नव्वदच्या दशकात साठ हजारांच्या घरात होती आणि त्यात बहुतेक पद्मिनीच. दिवसाला दोन पाळ्यांत पळणाऱ्या त्या टॅक्सींनी गॅरेजांना रोजचं काम दिलं, आणि त्या कामातून जमलेलं ज्ञान खासगी फियाटवाल्याला आपोआप मिळालं. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नवे-जुने दोन्ही मिळत. पुण्यात नाना पेठ होती.

अशी गाडी पारखणारा मिस्त्री काय करायचा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. तो गाडी सकाळी बघायला जायचा, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून त्याला कळे. चोक देऊन किती स्टार्टरमध्ये सुरू होते ते बघायचं. मग चालू इंजिनावरच तेल भरायचं झाकण काढायचं आणि तिथे तळहात धरायचा. वाफ फुसफुसत हाताला लागली की रिंगा गेल्या, इंजिनकाम निघालं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर गाडी ऑइल खाते आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय. नंतर बोटाच्या पेराने मडगार्डवर, दारांच्या खालच्या कडेवर टकटक. चांगला पत्रा खणखणतो. रंगाखाली लांबी भरलेली असली की आवाज बद्द येतो. सर्वांत शेवटी पायाखालचं मॅट उचलायचं. या गाडीला वेगळी चेसिस नव्हती, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. त्यामुळे फ्लोअर गंजलं असेल तर इंजिन कितीही गोड चालो, गाडी घ्यायची नाही. खाऱ्या हवेतली गाडी आणि देशावरच्या कोरड्या हवेतली गाडी यांत याच ठिकाणी फरक पडायचा. वीस मिनिटांचं हे काम. यात एकही यंत्र लागत नसे, आणि विकणारा काय सांगतो याची गरजही फारशी उरत नसे.

अर्थशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाशी या वीस मिनिटांचा थेट संबंध आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख प्रसिद्ध केला. खराब निघणाऱ्या गाडीला अमेरिकेत ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून तो लिंबांच्या बाजाराचा लेख म्हणून ओळखला जातो. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये अकेरलॉफला नोबेल मिळालं. लेखाचं म्हणणं साधं आहे. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा त्यामुळे सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून बाजूला होतो. उरलेल्यांत खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, किंमत आणखी उतरते. शेवटी बाजारात लिंबंच लिंबं. अकेरलॉफ स्वतः १९६७-६८ मध्ये भारतात राहिला होता आणि त्या लेखात आपल्याकडच्या सावकारीचं उदाहरणही आहे. त्याच्या सिद्धान्ताने पाहिलं तर मुंबईतला जुन्या फियाटचा बाजार कोसळायलाच हवा होता. तो कोसळला नाही, कारण विकणाऱ्याजवळचं गुपित गुपित राहतच नव्हतं. मालकाला गाडीबद्दल जे ठाऊक होतं त्यापेक्षा जास्त मिस्त्रीला वीस मिनिटांत कळत होतं. ज्ञानाची ही दरी गॅरेजने भरून काढली होती. जुन्या गाडीच्या किमतीमागे तिला ओळखणाऱ्यांची संख्या उभी असते, हे माझं म्हणणं इथून निघतं.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो खोटा नाही. मिस्त्री काय देवमाणूस होता? विकणाऱ्याकडून दलाली घेऊन गाडी खपवणारे मिस्त्री तेव्हाही होते, आजही आहेत. ऑइल दाट घालून धूर लपवणं, मीटरची केबल काढून ठेवणं, हेही गॅरेजातच व्हायचं. पण दलाली घेणारा मिस्त्री कोणाचा, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. जो मिस्त्री आपली स्कूटर आणि शेजाऱ्याची गाडी पंधरा वर्षं बघतो, त्याला पुढची पंधरा वर्षं त्याच गल्लीत धंदा करायचा असतो. एका व्यवहाराच्या दलालीसाठी तो गिऱ्हाईक घालवत नाही. म्हणून जुने लोक विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री कधी मानत नसत. आपला घेऊन जात. वॉरंटीच्या कागदाचं काम तेव्हा या नात्याने केलं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० दिल्लीत ग्राहकाच्या हाती गेली आणि चित्र पालटलं. दहा हजार रुपये भरून लोकांनी तिच्यासाठी नोंदण्या केल्या होत्या. फियाटचा मिस्त्री या जपानी घडणीच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाकडे सुरुवातीला परका असल्यासारखा पाहत होता. पुढचं चाक ओढणारी गाडी, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, नाजूक पत्रा, सगळंच नवं. तिच्या पहिल्या वर्षांत जुनी मारुती घेणं धाडसाचं होतं. मग जे फियाटबाबत झालं तेच घडलं. मारुतीचं साम्राज्य पसरलं, गाडी तीस वर्षं चालू राहिली, २०१४ मध्ये थांबली तोवर देशात पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या होत्या. तालुक्याच्या गावातला पोऱ्यादेखील ती डोळे मिटून उघडू लागला. आजही पंधरा वर्षांची ८०० किंवा अल्टो तिच्या वयाच्या मानाने चढ्या भावाला जाते आणि लोक म्हणतात, ‘मारुतीला रिसेल आहे.’ हा रिसेल पत्र्याच्या गुणवत्तेतून आलेला नाही. पत्रा तर पातळच होता. तिचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि तिला हात लावायला कोणी घाबरत नाही, याचे ते पैसे आहेत.

उलट बाजूचा पुरावा १९९१ नंतर भरपूर मिळतो. परवाने सुटले, कंपन्या आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच गेल्या. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याणजवळच्या कारखान्यात ३०९ नावाची गाडी काढली. गाडी उत्तम होती, तिचं डिझेल इंजिन तर नावाजलं गेलं, पण काही वर्षांत भागीदारी मोडली. कोरियाच्या देवूने १९९५ मध्ये सिएलो आणि १९९८ मध्ये मॅटिझ आणली; मायदेशी कंपनी बुडाली आणि इथलंही उत्पादन थांबलं. शिवडी सोडून गेलेली जनरल मोटर्स नव्वदच्या दशकात परत आली, तळेगावला मोठा कारखाना उभा केला, आणि २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद करून दुसऱ्यांदा निघून गेली. तळेगावचा तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. या प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडली. आदल्या दिवशीपर्यंत चांगली म्हणून मिरवणारी गाडी दुसऱ्या दिवशी निम्म्या भावालाही घ्यायला लोक कचरू लागले. गाडीचा एक नटबोल्टही बदलला नव्हता. बदललं होतं ते तिच्याभोवतीचं जग.

कोणी म्हणेल, जनरल मोटर्सने आणि फोर्डने सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवू असं सांगितलं होतं, मग भाव पडणं ही नुसती भीती होती. काही अंशी खरं आहे, आणि त्यातूनच एक फायद्याची वाटही निघते. भीतीने पडलेला भाव ज्याच्याजवळ त्या गाडीचा जाणकार आहे त्याच्यासाठी संधी असते. पुणे-पिंपरीत, जिथे अशा गाड्या भरपूर विकल्या गेल्या आणि त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घडलेले फिटर आता स्वतःची गॅरेजं चालवतात, तिथे दहा वर्षांची शेव्हरले किंवा फोर्ड घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. तीच गाडी गडचिरोलीला किंवा सिंधुदुर्गातल्या आडगावी घेतली तर एका सेन्सरसाठी आठ-आठ दिवस उभी राहील. एकाच गाडीची, एकाच दिवशी, दोन गावांत दोन किमती. ‘ही गाडी चांगली का?’ असा गावाशिवायचा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो.

ग्रामीण महाराष्ट्राने हे फार आधी ओळखलं होतं. पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप, म्हणजे खासगी गाड्यांतून चालणारी प्रवासी वाहतूक, ज्या जुन्या जीप, कमांडर आणि पुढे सुमोंवर चाललं, त्या गाड्या शहरातल्या माणसाने भंगारात काढल्या असत्या. पण त्यांची डिझेल इंजिनं ट्रॅक्टरच्या आणि शेतीपंपाच्या इंजिनांच्या जातकुळीतली होती, म्हणजे पंप दुरुस्त करणाऱ्याला जीपही कळे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम, लेथ, क्रँक घासणं, बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणं, सगळं एका पेठेत. तिथून पन्नास किलोमीटरच्या परिघात जुनी जीप घेणारा अडाणी जुगार खेळत नव्हता. तो आपल्या भागातलं कौशल्य मोजून पैसे टाकत होता.

आता अडचण आली आहे ती इथे. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, मग टप्प्याटप्प्याने प्रदूषणाचे निकष कडक होत २०२० मध्ये बीएस-६ आले. हे व्हायलाच हवं होतं. मुंबई-पुण्याच्या हवेत जगणाऱ्या कोणालाही त्याविरुद्ध बोलता येणार नाही. पण त्याबरोबर कार्ब्युरेटर गेला, इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेला, डिझेलमध्ये फार मोठ्या दाबाचे इंजेक्टर आले, किल्लीत चिप आली. तेलाच्या झाकणावर धरलेला तळहात आजही रिंगांबद्दल खरं सांगतो, पण एबीएसच्या युनिटबद्दल, टर्बोबद्दल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल तो काही सांगू शकत नाही. स्कॅनर लावला तर दोषाचा कोड दिसतो. मात्र विकणाऱ्याने आदल्या संध्याकाळी तो पुसला असेल तर तेही नाही. केबलचा मीटर मागे फिरवायला खटपट लागे, डिजिटल मीटर लॅपटॉपवर मागे जातो. मॉडेलं तर इतकी झाली की एकच इंजिन आयुष्यभर उघडणारा मिस्त्री आता दुर्मीळ. अकेरलॉफने सांगितलेली दरी, जी फियाटच्या काळात बुजली होती, ती पुन्हा उघडली आहे.

ही दरी कंपन्यांनी भरली, असं आज सांगितलं जातं. मारुतीने २००१ मध्ये जुन्या गाड्यांची स्वतःची दुकानं सुरू केली, नंतर इतर कंपन्या आल्या, मोबाइलवरून गाडी विकत देणारे आले. शेकडो मुद्द्यांची तपासणी, परत घेण्याची हमी, ठरावीक मुदतीची वॉरंटी. आपल्याकडे आता वर्षाला नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात, यात या दुकानांचा वाटा आहेच, आणि चार-सहा वर्षांची गाडी घेणाऱ्याने त्यांच्याकडे जरूर जावं. पण आपला प्रश्न स्वस्त आणि जुन्या गाडीचा आहे. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीला ही दुकानं सहसा वॉरंटी देत नाहीत, पुष्कळदा ठेवतही नाहीत. विमा कंपन्यांचा तक्ताही हेच सांगतो. गाडीची विमा किंमत धरताना पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाअखेर पंधरा, मग वीस, तीस, चाळीस आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी पन्नास टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढे तक्ता संपतो. किंमत दोघांनी बोलून ठरवायची. म्हणजे जिथे आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचा बाजार सुरू होतो तिथे हिशेबाचे सगळे छापील आधार सुटलेले असतात. पुन्हा उरतो तो गल्लीतला मिस्त्री.

कागदांचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण इथे फसवणूक सर्वांत महाग पडते. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच काढावी लागते, हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांनी पसरवला. तिथे हरित लवादाच्या आदेशाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली होती. महाराष्ट्रात खासगी गाडी फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांनी पुन्हा पास करता येते. मात्र तो खर्च आता किरकोळ राहिलेला नाही: पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं आणि वीस वर्षांवरच्या गाडीचं २०२५ मध्ये दहा हजार. दिल्लीतून निघालेल्या स्वस्त गाड्या आपल्याकडे येतात, त्या घेताना तिथली ना-हरकत आणि इथला रोड टॅक्स मिळवून किंमत मांडली तर स्वस्ताई बरीच विरते. ज्याने गाडी विकली त्यालाही एक धडा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीने तो मालक. मधल्या काळात गाडी तीन जणांच्या हातांतून गेलेली असली तरी अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते. नुसत्या सह्या केलेल्या फॉर्मांवर गाड्या फिरवण्याची आपल्याकडची जुनी सवय या निकालानंतर तरी थांबायला हवी होती.

पाण्यातल्या गाड्यांची गोष्ट तर मुंबईकर विसरूच शकत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. नंतर धुऊन-पुसून बाजारात आलेल्या अशा गाड्यांमुळे ‘पाण्यातली आहे का?’ हा प्रश्न कायमचा झाला. उत्तर सीटबेल्ट देतो. तो पूर्ण ओढून काढावा आणि शेवटचं टोक पाहावं. आत गुंडाळून राहणारी ती पट्टी कोणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही. त्यापूर्वीच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत यातलं काही नव्हतं. मिस्त्री कितीही हुशार असो, तो पातळ पत्र्याच्या गाडीत एअरबॅग बसवू शकत नाही. म्हणून माझं मत असं की रोज द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याने, मुलाबाळांना घेऊन घाट उतरणाऱ्याने पंधरा वर्षांची छोटी गाडी घेऊच नये. तेवढ्या पैशांत घेता येत नसेल तर थांबावं. गावातल्या गावात, तालुक्याला, दवाखान्यात, बाजारहाटाला लागणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे तुलना नव्या मोटारीशी करून चालत नाही. मोटरसायकलवर चौघं बसतात, भर पावसात आजारी माणूस मागे धरून नेतात, त्या प्रवासाशी ती करायला हवी. त्या घराला चालती जुनी गाडी म्हणजे खरी सुधारणा आहे.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनीची एकही काळी-पिवळी टॅक्सी उरली नाही. शेवटची ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. तिचं इंजिन ओळखणारे हात अजून आहेत, पण ते साठी-सत्तरीचे. तेव्हा लाख-सव्वा लाखाची गाडी बघायला जाल तेव्हा मागितलेल्या किमतीचा पाव हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा, आणि फोटो बघून मोहात पडण्याआधी तुमच्या नेहमीच्या गॅरेजात जाऊन दोन गोष्टी विचारा: ही गाडी तुम्ही उघडता का, आणि हिचा भाग कुठून आणता. दोन्हींचं उत्तर तो तिथल्या तिथे देऊ शकला तर त्याला त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. तो मान हलवून ‘राहू द्या’ म्हणाला तर घासाघीस न करता परत या.